मुखत्यारपत्र : प्रकार आणि मर्यादा

मुंबईच्या किंवा पुण्याच्या एकाद्या घरांत उतारवयाचें जोडपें एकटेंच राहत असतें. मुलगा परदेशीं नोकरीस असतो, मुलगी लग्न होऊन त्याच शहरांत दुसऱ्या टोकाला. कोंकणांत वडिलार्जित जमिनीचा तुकडा असतो व त्याच्या सातबाऱ्यावर पांचसहा नांवें असतात. जिने चढणें जड जातें, बँकेंत ताटकळत उभें राहवत नाहीं, आणि तालुक्याच्या कचेरीचा हेलपाटा तर नकोसाच वाटतो. अशा वेळीं शेजारचे अनुभवी गृहस्थ सल्ला देतात, "मुलीच्या नांवें एक कुलमुखत्यारपत्र करून टाका, म्हणजे पुढची काळजीच नको." त्याप्रमाणें छापील मसुदा येतो, मुद्रांक लागतो, सह्या होतात आणि कागद कपाटांत जाऊन बसतो. त्या कागदानें काय दिलें, काय दिलें नाहीं आणि तो कोणत्या दिवशीं निरुपयोगी होणार, हें मात्र क्वचितच कोणी वाचून पाहतो.

शेजाऱ्यांचा सल्ला खोटा नसतो, पण अपुरा असतो. मुखत्यारपत्र म्हणजे आपल्या सहीसाठीं दुसऱ्याचा हात उसना घेणें. त्या हातानें सही केली म्हणून घर त्या हाताच्या मालकीचें होत नाहीं. आणि ज्याच्यासाठीं तो हात चालतो त्याचें भान किंवा प्राण हरपला, कीं सामान्यतः तो हातहि तेथेंच थांबतो. मुखत्यारपत्राचे सारे प्रकार या एका गोष्टीभोंवतीं फिरतात, म्हणून ती आरंभींच ध्यानांत ठेवणें इष्ट.

मुखत्यार हा शब्द मूळचा अरबी. निवडलेला, अधिकार मिळालेला असा त्याचा आशय. मराठ्यांच्या राज्यकारभारांत याच जातीचें काम वकील करीत. आज वकील म्हटला कीं कोर्टांतला काळा डगला डोळ्यांपुढें येतो. पण पेशवाईंत वकील म्हणजे एका दरबारानें दुसऱ्या दरबारीं ठेवलेला प्रतिनिधि. दिल्लीस पेशव्यांची वकिली हिंगणे घराण्याकडे होती. वकील बोले तें धन्याच्या नांवानें, आणि मिळवी तें धन्यासाठीं. अधिकार मोठा, पण तो धन्यानें दिला असेल तेवढाच. आजच्या मुखत्याराचें स्थान तत्त्वतः याहून निराळें नाहीं.

भारतांत या विषयाचे मुख्य कायदे दोन आहेत. १८७२ च्या करार कायद्यांत प्रतिनिधीविषयीं एक स्वतंत्र प्रकरण असून, लिहून देणारा आणि मुखत्यार यांचे परस्परसंबंध तेथें सांगितलेले आहेत. दुसरा १८८२ चा मुखत्यारपत्रांचा कायदा. तो अगदीं आटोपशीर, थोडक्या कलमांचा आहे. विशिष्ट व्यक्तीस आपल्या वतीनें व आपल्या नांवानें कृति करण्याचा अधिकार ज्या लेखानें दिला जातो तो लेख म्हणजे मुखत्यारपत्र, हा त्याचा भावार्थ. लिहून देणारा सज्ञान, म्हणजे अठरा वर्षें पूर्ण झालेला, आणि शाबूत मनाचा असला पाहिजे. नुसतें वार्धक्य किंवा थोडा विसरभोळेपणा हा त्याला अडथळा नव्हे. परंतु आपण काय लिहून देत आहों हें ज्याला उमजतच नाहीं, त्याचा हात धरून अंगठा उठवलेलें पत्र कायद्यापुढें टिकत नाहीं.

अधिकाराच्या व्याप्तीवरून मुखत्यारपत्राचे दोन ठळक प्रकार पडतात. पहिलें खास मुखत्यारपत्र. तें एका ठरावीक कामापुरतें असतें. समजा, एकाद्या गृहस्थाची नागपुरास सदनिका आहे आणि ते स्वतः बंगळुरास राहतात. सदनिकेचा सौदा ठरला. किंमत व गिऱ्हाईक त्यांनींच नक्की केलें. आतां खरेदीखतावर सही करून तें नोंदवायचें तेवढें उरलें. त्या कामासाठीं ते नागपुरांतील भावाला खास मुखत्यारपत्र देऊं शकतात. खरेदीखत नोंदलें गेलें, कीं मुखत्यारपत्राचें काम संपलें आणि त्याबरोबर अधिकारहि संपला. खास मुखत्यारपत्राचा मोठा गुण हाच, कीं त्याला कुंपण असतें.

दुसरें कुलमुखत्यारपत्र. कुल म्हणजे सर्व. भाडें वसूल करणें, कर भरणें, बँकेचे व्यवहार पाहणें, गृहनिर्माण संस्थेशीं पत्रव्यवहार करणें, दावे चालविणें अशीं अनेक कामें त्यांत एकत्र सोंपविलेलीं असतात. तथापि 'कुल' या शब्दावर विसंबणें धोक्याचें. असा लेख काटेकोरपणें वाचावा, शब्दांत जेवढें आहे तेवढाच अधिकार मानावा, असें तत्त्व प्रिव्ही कौन्सिलनें १८९३ सालीं सांगितलें आणि भारतीय न्यायालयेंहि तेंच पाळीत आलीं आहेत. आठ कामांची यादी देऊन शेवटीं 'व इतर सर्व कामें' असें लिहिलें, तरी त्या 'इतर' चा अर्थ आधींच्या आठ कामांच्या अनुरोधानेंच लावला जातो. घराची देखभाल करण्याच्या अधिकारांतून घर विकण्याचा अधिकार निघत नाहीं. विकणें, गहाण टाकणें, बक्षीस देणें, कर्ज काढणें यांपैकीं जें द्यावयाचें असेल तें नांव घेऊन लिहावें लागतें. आणि जें द्यावयाचें नसेल तेंहि नांव घेऊन वगळलेलें बरें.

मुखत्यार एकच असावा असें नाहीं. दोन मुलांना मिळून अधिकार देतां येतो. मात्र दोघांनीं एकत्रच सही करावयाची, कीं दोघांपैकीं कोणीहि एकानें केली तरी चालेल, हें स्पष्ट न लिहिल्यास पुढें बँकेच्या खिडकीपाशीं वाद उभा राहतो. एकत्र सहीच्या अटीनें कामाला वेळ लागतो, पण एकावर दुसऱ्याची नजर राहते. स्वतंत्र सहीनें काम झटपट होतें, पण ती नजर सुटते.

तिसरा प्रकार व्याप्तीवर नव्हे, तर मुदतीवर आधारलेला आहे, आणि सर्वांत अधिक गैरसमज याच्याविषयींच दिसतात. तें म्हणजे रद्द न करतां येणारें मुखत्यारपत्र. सामान्य मुखत्यारपत्र लिहून देणारा मनांत येईल तेव्हां काढून घेऊं शकतो. परंतु ज्या मिळकतीविषयीं अधिकार दिला, तिच्यांत मुखत्याराचाच कांहीं हितसंबंध गुंतलेला असेल, तर करार कायद्याचें २०२ वें कलम त्याला संरक्षण देतें. कायद्यांतच याचें उदाहरण दिलेलें आहे : एकानें दुसऱ्याला आपली जमीन विकण्याचा आणि त्या पैशांतून आपल्याकडून येणें असलेलें कर्ज फेडून घेण्याचा अधिकार दिला. हा अधिकार देणाऱ्याला मागें घेतां येत नाहीं. त्याला वेड लागल्यानें किंवा मृत्यु आल्यानेंहि तो संपत नाहीं. जुन्या इमारतींच्या पुनर्बांधणींत बांधकाम करणारे आपल्या नांवें असाच लेख मागतात, तो या कलमाच्या आधारावर. परंतु कागदाच्या माथ्यावर 'रद्द न होणारें' असें ठळक अक्षरांत लिहिल्यानें तो तसा होत नाहीं. मुखत्याराचा हितसंबंध खरोखर असावा लागतो. पुतण्याला केवळ भाडें गोळा करण्यास नेमलें असेल, तर माथ्यावर कांहींहि लिहिलें तरी काका तो अधिकार काढून घेऊं शकतात.

कागद कोणापुढें केला, यावरूनहि भेद पडतो. नोटरीपुढें केलेल्या व त्यानें साक्षांकित केलेल्या मुखत्यारपत्राविषयीं, तें रीतसर झालें असें न्यायालय गृहीत धरतें. पण नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. दस्तऐवजावर सही मालकानें स्वतः केली, आणि तो दुय्यम निबंधकाच्या कचेरींत सादर करण्यास मात्र दुसऱ्याला पाठविलें, तर त्या दुसऱ्याजवळचें मुखत्यारपत्र, मालक भारतांत राहणारा असल्यास, १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें निबंधकापुढें अथवा दुय्यम निबंधकापुढें केलेलें व त्यांनीं प्रमाणित केलेलें असावें लागतें. आजारपणामुळें ज्याला कचेरींत येणें अशक्य आहे, त्याच्या घरीं जाऊन खात्री करून घेण्याची तरतूदहि त्याच कायद्यांत आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला खुर्चींत बसवून जिन्यावरून उतरविण्याची गरज नसते. शिवाय स्थावर मिळकतीच्या हस्तांतराविषयींचें रद्द न होणारें मुखत्यारपत्र नोंदणें महाराष्ट्रांत सक्तीचें आहे.

मुद्रांकाच्या बाबतींत महाराष्ट्राचा कायदा एक सूक्ष्म भेद करतो. आईवडील, पतिपत्नी, भाऊबहीण, मुलेंबाळें अशा जवळच्या नातलगाला, मोबदला न घेतां, मिळकत विकण्याचा अधिकार दिला तर मुद्रांक माफक पडतो. तोच अधिकार मोबदला घेऊन किंवा परक्या माणसाला दिला, तर जवळजवळ विक्रीच झाली असें मानून खरेदीखताइतका मुद्रांक आकारला जातो. यामागील हेतु उघड आहे. परक्या माणसाला कोणी आपलें घर विकण्याचा अधिकार फुकट देत नाहीं, असा कायद्याचा व्यवहारी कयास आहे.

परदेशांतील मुलाला भारतांतील बहिणीच्या नांवें मुखत्यारपत्र करावयाचें असेल, तर त्यानें तें तेथील भारतीय वकिलातींत अथवा तेथील नोटरीपुढें करावें. ज्या देशांत अपोस्टिल नांवाचें आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतें तेथें नोटरीच्या सहीवर तें घेण्याचा प्रघात आहे. भारत त्या करारांत २००५ सालीं सामील झाला. पत्र भारतांत पोंचल्यावर तीन महिन्यांच्या आंत त्यावर येथील मुद्रांक भरावा लागतो. ही तीन महिन्यांची गोष्ट विसरल्यामुळें अनेक कुटुंबांना सौद्याच्या ऐन दिवशीं धांवपळ करावी लागते.

मुखत्यारपत्राचीं दोन जवळचीं भावंडें आहेत. वकीलपत्र हें त्यांतलें एक. त्यानें वकिलाला एका दाव्यांत बाजू मांडण्याचा अधिकार मिळतो, घरचा कारभार पाहण्याचा नव्हे. दुसरें बँकेला दिलेलें अधिकारपत्र. त्यानें त्या बँकेंतील त्या खात्यापुरतें दुसऱ्याला व्यवहार करतां येतात. ज्याला केवळ निवृत्तिवेतन काढून आणणारें कोणी हवें आहे, त्याचें काम पुष्कळदां या लहान कागदानेंच भागतें. त्यासाठीं साऱ्या मिळकतीच्या किल्ल्या कोणाच्या हातीं देण्याचें कारण नाहीं.

मुखत्यारपत्रानें काय होत नाहीं, हेंहि आतां पाहिलें पाहिजे. त्यानें मालकी जात नाहीं. दिल्लीच्या परिसरांत अनेक वर्षें घरें व भूखंड 'कुलमुखत्यारपत्रावर' विकले जात असत. विकणारा तीन कागद करून देई : विक्रीचा करार, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र. मुद्रांक वांचे, परवानग्या टळत, आणि घेणारा आपण मालक झालों असें समजे. ११ ऑक्टोबर २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें या प्रथेवर स्पष्ट निर्णय दिला. स्थावर मिळकतीची मालकी रीतसर नोंदलेल्या हस्तांतरपत्रानेंच जाते. या तीन कागदांनीं ती जात नाहीं. याच निर्णयांत न्यायालयानें हेंहि सांगितलें, कीं पति, पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण अशांना कारभार पाहण्यासाठीं किंवा खरेदीखत करून देण्यासाठीं प्रामाणिकपणें दिलेल्या मुखत्यारपत्रांना या निर्णयाची बाधा नाहीं. म्हणून कोणी घर स्वस्तांत मिळतें म्हणून 'मुखत्यारपत्रावर' घेण्यास सुचवील, तर घेणाऱ्यानें एवढेंच विचारावें, कीं खरेदीखत केव्हां नोंदणार?

कांहीं कृत्यें इतकीं व्यक्तिगत असतात कीं तीं दुसऱ्याच्या हातानें होतच नाहींत. मृत्युपत्र मुखत्याराला करतां येत नाहीं. मत देतां येत नाहीं. जी गोष्ट केवळ मालकालाच ठाऊक आहे, तिच्याविषयीं मालकाऐवजीं मुखत्याराला साक्षहि देतां येत नाहीं. स्वतःला मिळालेला अधिकार तिसऱ्याच्या हातीं सोंपवितां येत नाहीं. लेखांत तशी मुभा असेल, किंवा त्या धंद्याची रीत अथवा कामाचें स्वरूपच तसें असेल, तरच गोष्ट निराळी.

मुखत्याराच्या शिरावर कर्तव्यें आहेत, हें देणाऱ्याइतकेंच घेणाऱ्यानेंहि ओळखावें. त्यानें सांगितल्याप्रमाणें वागावें, साधारण शहाणपणा व काळजी वापरावी, अडचण आली तर धन्याशीं संपर्क साधण्याचा प्रयत्न करावा, मागितल्यावर हिशेब द्यावा, आणि धन्याच्या कामांत त्याला न कळवितां स्वतःचा व्यवहार घुसवूं नये. भावंडांमधील पुष्कळ कलह अप्रामाणिकपणापेक्षां हिशेबाच्या अभावीं पेटतात. आईच्या औषधपाण्यावर खरोखरच खर्च करणाऱ्या मुलीलाहि, चार वर्षांनीं भाऊ परत आल्यावर, पावत्यांवांचून तो खर्च सिद्ध करतां येत नाहीं. एक साधी वही आणि पावत्यांची एक पिशवी तिची अब्रू राखते.

लिहून देणाऱ्यास मुखत्यारपत्र रद्द करावयाचें झाल्यास केवळ रद्द करण्याचा लेख करून तो कपाटांत ठेवणें पुरेसें नाहीं. मुखत्याराला तें कळल्यावांचून त्याच्यापुरतें, आणि बाहेरच्या लोकांना कळल्यावांचून त्यांच्यापुरतें, रद्द करणें अंमलांत येत नाहीं. म्हणून मुखत्याराला लेखी कळवावें, मूळ कागद परत मागावा, बँक, गृहनिर्माण संस्था व संबंधित कचेऱ्या यांना पत्रें द्यावीं, मूळ लेख नोंदलेला असेल तर रद्द करण्याचा लेखहि नोंदवावा, आणि मिळकत मोठी असेल तर वृत्तपत्रांत जाहीर नोटीस द्यावी.

आतां पुन्हां आरंभींच्या घराकडे वळावें. कपाटांतल्या कुलमुखत्यारपत्रावर सारें कुटुंब निश्चिंत आहे. एके पहांटे वडिलांना पक्षाघाताचा झटका येतो. ते रुग्णालयांत बेशुद्ध पडतात आणि पुढें शुद्धीवर आले तरी त्यांना कांहींच उमजत नाहीं. मुलगी मुखत्यारपत्र घेऊन बँकेंत जाते. ज्या दिवसासाठीं तो कागद केला असें सर्वांना वाटत होतें, तो दिवस हाच. आणि नेमक्या याच दिवशीं तो कागद निर्जीव झालेला असतो. कारण देणाऱ्याचा मृत्यु झाला अथवा त्याचें मन शाबूत राहिलें नाहीं, तर मुखत्याराचा अधिकार संपतो, असें करार कायदा सांगतो. हितसंबंध गुंतलेल्या मुखत्यारपत्राचा अपवाद वर आलाच आहे. घरगुती कुलमुखत्यारपत्र त्यांत बसत नाहीं. मृत्यूची वार्ता नसतां सद्भावनेनें पैसे देणाऱ्या मुखत्याराला कायदा दोष देत नाहीं, आणि धन्याच्या पश्चात् त्याच्या मिळकतीचें रक्षण करण्यापुरतीं वाजवी पावलें टाकणें हें तर मुखत्याराचें कर्तव्यच ठरवितो. परंतु सारें ठाऊक असून जुन्या कागदावर नवे व्यवहार करीत राहणें हें बेकायदा होय, मग हेतु कितीहि शुद्ध असो.

इंग्लंडांत ही उणीव ओळखून १९८५ सालीं, देणाऱ्याची समज गेल्यावरहि टिकणाऱ्या मुखत्यारपत्राचा कायदा झाला आणि २००५ च्या कायद्यानें त्याची जागा अधिक व्यापक व्यवस्थेनें घेतली. भारतांत मिळकतीसाठीं असें टिकाऊ मुखत्यारपत्र नाहीं. अशा प्रसंगीं कुटुंबाला न्यायालयाकडे जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. बेशुद्धावस्थेंतील रुग्णांसाठीं मुंबई व केरळ येथील उच्च न्यायालयांनीं पत्नीला किंवा अन्य आप्ताला असा अधिकार दिलेला आहे. हा मार्ग आहे, पण तो वेळाचा व खर्चाचा आहे, आणि रुग्णालयाचें बिल त्यासाठीं थांबत नाहीं.

म्हणून शहाण्या कुटुंबानें एका कागदावर सारा भार टाकूं नये. घरखर्चापुरतें एक खातें पतिपत्नींच्या किंवा विश्वासू अपत्याच्या जोडीनें, दोघांपैकीं कोणालाहि चालवितां येईल असें ठेवावें. ठेवींवर नामनिर्देश करावा. मृत्युपत्र हातपाय धड असतांनाच करावें. मानसिक आजारांत उपचारांचे निर्णय कोणी घ्यावे, हें २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यान्वयें आधीं लिहून ठेवतां येतें. बरें होण्याची आशा उरली नसतां कोणते उपचार नकोत, आणि त्या वेळीं कोणाचें ऐकावें, हेंहि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानें लिहून ठेवतां येतें. त्याची रीत २०२३ सालीं सोपी करण्यांत आली असून आतां नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढें तो लेख करतां येतो. मुखत्यारपत्र या सर्वांच्या पंक्तींत बसतें. त्यांची जागा घेऊं शकत नाहीं.

मुखत्यारपत्र करतांना छापील मसुद्यांतील रिकाम्या जागा भरून मोकळें होऊं नये. कोणतीं कामें, कोणती मिळकत, किती मुदत, विक्रीची रक्कम कोणाच्या खात्यांत जाणार, हिशेब केव्हां द्यावयाचा, हें सर्व घरच्या भाषेंत एकदां मोठ्यानें वाचून पाहावें. आणि जी ओळ वाचतांना देणाऱ्याचा आवाज अडखळेल, ती ओळ त्या दिवशीं सहीविना राहूं द्यावी. विश्वासाच्या माणसाला अधिकार देण्यांत कमीपणा नाहीं, आणि त्या अधिकाराला कुंपण घालण्यांत अविश्वासहि नाहीं. उद्यां भावंडांत शब्दाला शब्द लागला, तर तेंच कुंपण मुखत्यार झालेल्या मुलीच्या बाजूनें उभें राहील.